आकाशातील मैलाचा दगड

रस्त्याने जाणाऱ्या वाटसरूला मैलाचा दगड दोन गोष्टी सांगतो : एक आकडा आणि एक गावाचे नाव. आकडा पुसला गेला, तर किती चालावयाचे उरले हे वाटसरूला कळत नाही, आणि तो सावधपणे पुढे जातो. परंतु नाव पुसले जाऊन आकडा तेवढा शिल्लक राहिला, तर तो अधिक फसण्याचा संभव असतो. चार मैल उरले असे त्याला वाटते. ते चार मैल कोणत्या गावाचे, याचा मात्र पत्ता नसतो. ढगांतून धावपट्टीकडे उतरणाऱ्या वैमानिकासमोरही असाच एक मैलाचा दगड असतो. तो बिनतारी लहरींचा बनलेला असून विमान जसजसे पुढे जाते, तसतसा त्यावरील आकडा बदलत जातो. या साधनाचे नाव 'डिस्टन्स मेझरिंग इक्विपमेंट'. वैमानिकांच्या बोलण्यात ते 'डी. एम. ई.' या तीन अक्षरांनी ओळखले जाते.

अंतर नेमके न कळण्याची किंमत किती भारी असते, हे ऑस्ट्रेलियाने १९३८ साली अनुभवले. त्या वर्षी २५ ऑक्टोबरला 'कायीमा' नावाचे डग्लस कंपनीच्या बनावटीचे प्रवासी विमान ॲडलेडहून मेलबर्नला येत होते. मेलबर्नच्या परिसरावर दाट ढग पसरले होते. ढगांच्या फटीतून ओझरती दिसलेली जमीन पाहून चालकांनी आपल्या ठिकाणाविषयी अंदाज बांधला. प्रत्यक्षात विमान त्या अंदाजाच्या बरेच पुढे निघून आले होते. एसेन्डनचा विमानतळ अजून यावयाचा आहे या समजुतीत ते त्याच्याही पलीकडे गेले आणि ढगांत दडलेल्या माउंट डँडेनाँगच्या उतारावर आदळले. विमानातील अठराही माणसे मृत्युमुखी पडली. विमानाची दिशा फारशी चुकली नव्हती. चुकले होते ते अंतर.

त्यानंतर लवकरच दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि बिनतारी लहरींनी अंतर मोजण्याची विद्या युद्धाच्या निकडीने झपाट्याने वाढीस लागली. ब्रिटिशांनी 'रिबेका' आणि 'युरेका' या नावांची जोडयंत्रे बनविली. विमानातील रिबेकाने लहरी सोडाव्या आणि जमिनीवरील युरेकाने त्यांना उत्तर द्यावे, अशी ही योजना होती. शत्रूच्या मुलुखात रात्री छत्रीधारी सैनिक उतरविताना तिचा मोठा उपयोग झाला. विमानात बसविण्याजोगे रडार प्रथम घडविणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी एक, एडवर्ड जॉर्ज बोवेन, हे १९४४ मध्ये ऑस्ट्रेलियात गेले. तेथील रेडिओफिजिक्स विभागात त्यांच्या नेतृत्वाखाली प्रवासी विमानांसाठी अंतर मोजणारे यंत्र तयार करण्यात आले, आणि १९५० नंतरच्या दशकात त्या देशाच्या प्रवासी विमानांतून ते सर्रास दिसू लागले. पुढे जगभर जी पद्धत रूढ झाली तिच्या लहरी निराळ्या असल्या तरी मूळ कल्पना हीच आहे.

ही कल्पना समजण्यास नदीकाठचे एक दृश्य पुरेसे आहे. अंधाऱ्या रात्री ऐलतीरावर उभा असलेला प्रवासी पैलतीरावरच्या नावाड्याला हाक मारतो. नावाडी ती ऐकतो, क्षणभर थांबतो आणि 'ओ' देतो. नावाडी किती वेळ थांबतो हे ठाऊक असेल, तर हाक आणि 'ओ' यांमधील काळावरून नदीचे पात्र किती रुंद आहे हे प्रवाशाला काढता येईल. येथे कड्यावरून परतणारा प्रतिध्वनी नाही. दुसऱ्याने दिलेले उत्तर आहे. रडार आणि डी. एम. ई. यांतील मुख्य भेद हाच. पडसाद क्षीण होऊन परततो. उत्तर मात्र नव्या जोमाने दिलेले असते, म्हणून ते दूरवर स्पष्ट ऐकू येते.

विमानातील यंत्र हाक मारते ती दोन लागोपाठच्या स्पंदांनी. नेहमीच्या प्रकारात या दोन स्पंदांमध्ये १२ मायक्रोसेकंदांचे अंतर ठेवलेले असते. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. जोडीनेच हाक मारण्याचे कारण असे की, इतस्ततः भरकटणाऱ्या एखाद्या एकट्या स्पंदाला जमिनीवरच्या यंत्राने भुलून उत्तर देऊ नये. योग्य अंतराची जोडी ओळखली की जमिनीवरचे यंत्र बरोबर ५० मायक्रोसेकंद थांबते आणि ६३ मेगाहर्ट्झ इतक्या फरकाच्या दुसऱ्या कंपनसंख्येवर तशीच एक जोडी परत पाठविते. या मुद्दाम थांबण्यामुळे विमान अगदी जवळ असले तरी त्याची हाक पुरी होण्याआधीच उत्तर येऊन धडकत नाही.

पुढचा भाग केवळ अंकगणिताचा आहे. बिनतारी लहर एका सेकंदात सुमारे तीन लक्ष किलोमीटर जाते. एक सागरी मैल, म्हणजे १८५२ मीटर, जाऊन परत येण्यास तिला १२.३६ मायक्रोसेकंद लागतात. समजा, हाक मारल्यापासून १७३.६ मायक्रोसेकंदांनी उत्तर आले. त्यातून थांबण्याचे ५० वजा केले की १२३.६ उरतात, आणि विमान दहा सागरी मैलांवर आहे हे निश्चित होते. हा हिशेब यंत्र सेकंदातून अनेक वेळा करते आणि वैमानिकासमोर मैल व मैलाचा दशांश असा आकडा झळकत राहतो.

येथे श्रोत्यांच्या मनात एक शंका सहज येईल. एका जमिनीवरील यंत्राला एकाच वेळी शंभराच्या आसपास विमाने हाका मारू शकतात. ते यंत्र कोण हाक मारतो हे ओळखत नाही. ते प्रत्येक हाकेला सारखेच उत्तर देते, आणि सर्व उत्तरे सर्व विमानांना ऐकू येतात. मग आपले उत्तर कोणते, हे विमानाला कसे कळावे ? यावरचा उपाय मोठा चतुराईचा आहे. प्रत्येक विमान आपल्या हाका जाणूनबुजून अनियमित ठेक्याने मारते. दिंडीत शेकडो टाळ वाजत असता एखाद्याने आपला टाळ मध्येच थोडा लवकर, मध्येच थोडा उशिरा वाजवावा, तसे हे असते. असंख्य उत्तरांपैकी जे उत्तर आपल्या प्रत्येक वेड्यावाकड्या ठोक्यानंतर जवळजवळ ठरलेल्या अवधीनेच येते, तेच आपले. इतरांची उत्तरे कधी आधी, कधी मागाहून येतात, म्हणून ती आपोआप गळून पडतात. हाका फारच वाढल्या, तर जमिनीवरचे यंत्र आपले कान थोडे बंद करून घेते. क्षीण हाका मग त्याला ऐकू येत नाहीत, आणि बहुधा जवळच्या विमानांचे समाधान आधी होते.

आता हे साधन विमान उतरविण्याच्या कामी कसे येते ते पाहावयाचे. ढग, धुके किंवा मुसळधार पाऊस यांतून विमानाला धावपट्टीपर्यंत आणणारी जी व्यवस्था जगभर वापरतात तिला 'इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टिम', म्हणजेच आय. एल. एस., म्हणतात. तिच्यात दोन प्रक्षेपक असतात. धावपट्टीच्या दूरच्या टोकापलीकडे असलेला 'लोकलायझर' विमान धावपट्टीच्या रेषेत आहे की डावी-उजवीकडे सरकले आहे हे दाखवितो. विमाने जेथे टेकतात त्या जागेच्या बाजूला असलेला 'ग्लाइड पाथ' विमान योग्य उतारावर आहे की वर-खाली आहे हे सांगतो. हा उतार बहुधा तीन अंशांचा असतो. दोन्ही सुया मध्यावर आल्या की विमान योग्य रेषेत आणि योग्य उतारावर आहे असे समजावयाचे.

परंतु हे दोन प्रक्षेपक तिसरी गोष्ट सांगत नाहीत. या वाटेवर आपण नेमके कोठे आहोत, हा प्रश्न शिल्लकच राहतो. त्यासाठी पूर्वी वाटेवर 'मार्कर' नावाची छोटी प्रक्षेपण-यंत्रे बसवीत, आणि कित्येक ठिकाणी ती पुढेही चालू राहिली. धावपट्टीच्या उंबरठ्यापासून सुमारे सात किलोमीटरवर बाहेरचा मार्कर आणि सुमारे एक किलोमीटरवर मधला. विमान त्यांच्या डोक्यावरून गेले की पहिल्याचा निळा आणि दुसऱ्याचा पिवळसर दिवा लागे व कानात सूर वाजे. मात्र मार्कर हा वेशीवरच्या पहारेकऱ्यासारखा असतो. विमान त्याच्यासमोरून जाते तेव्हाच तो बोलतो. आधी नाही आणि नंतरही नाही. शिवाय त्याच्यासाठी विमानतळाच्या कुंपणाबाहेर जागा लागते. आणि ती जागा नेमकी खाडीत किंवा समुद्रात आली तर अडचण होते. डी. एम. ई. कुंपणाच्या आतच राहते आणि अखंड बोलत असते. म्हणूनच अनेक विमानतळांवर मार्करचे काम तिच्याकडे आले.

आय. एल. एस. बरोबर बसविलेल्या डी. एम. ई. मध्ये एक विशेष सोय करता येते. तिचे यंत्र बहुधा ग्लाइड पाथच्या खोपटापाशी, म्हणजे उंबरठ्यापासून सुमारे तीनशे मीटर आत असते. वैमानिकाला मात्र यंत्रापर्यंतचे नव्हे, उंबरठ्यापर्यंतचे अंतर हवे असते. तीनशे मीटर जाऊन येण्यास लहरीला दोन मायक्रोसेकंद लागतात. तेव्हा जमिनीवरचे यंत्र पन्नासऐवजी सुमारे अठ्ठेचाळीसच मायक्रोसेकंद थांबेल असे लावून ठेवले, की विमानातला आकडा यंत्रापाशी न पोहोचता उंबरठ्यावरच शून्य होतो. नावाड्याने थोडी लवकर 'ओ' द्यावी आणि प्रवाशाला तो प्रत्यक्षापेक्षा जवळ वाटावा, तसाच हा प्रकार. ही एक उपकारक लबाडी आहे. परंतु ती सर्वत्र केलेली नसते. कोठे शून्य उंबरठ्यावर असते, तर कोठे यंत्रापाशी. आणि कोठे ते यंत्र विमानतळावर नसतेच.

डी. एम. ई. चा आकडा जमिनीवरचे सरळ अंतर दाखवीत नाही. तो विमानापासून यंत्रापर्यंतचे तिरपे अंतर दाखवितो, हेही ध्यानात ठेवावे लागते. सुमारे सहा हजार फुटांवरून विमान बरोबर यंत्राच्या डोक्यावरून गेले, तर आकडा शून्य न दाखविता एक मैल दाखवील. तीन अंशांच्या उतारावर मात्र तिरपे आणि सरळ या दोन अंतरांतील फरक हजारात दीड भागाहूनही कमी असतो. म्हणून उतरत्या विमानाला या दोषाची बाधा होत नाही.

या आकड्याचे खरे मोल उंचीशी त्याची सांगड घातली म्हणजे कळते. तीन अंशांच्या उतारावर दर सागरी मैलाला विमान सुमारे ३१८ फूट खाली येते, आणि उंबरठा साधारण पन्नास फुटांवरून ओलांडते. म्हणजे चार मैलांवर ते धावपट्टीपेक्षा सुमारे १३२० फूट वर असले पाहिजे. उतरण्याच्या नकाशावर अशा जोड्यांचे कोष्टकच छापलेले असते. अमुक मैलांवर अमुक उंची, हे एका वैमानिकाने उच्चारावे आणि दुसऱ्याने तपासावे, अशी शिस्त आहे. ती निरर्थक नाही. ग्लाइड पाथच्या प्रक्षेपणातून खऱ्या उताराच्या वर, अधिक उभ्या कोनात, खोटे उतारही उमटतात. आणि त्यांवरही सुई मध्यावर येऊ शकते. सुई खरे बोलते की खोटे, हे सुईलाच विचारून कळत नाही. तेथे दुसरा साक्षीदार लागतो, आणि अंतर व उंची यांची जोडी हाच तो साक्षीदार.

या साक्षीचे गांभीर्य २२ मे २०१० रोजी मंगळूर येथे दिसून आले. दुबईहून आलेले बोइंग ७३७ जातीचे विमान त्या सकाळी बज्पे येथील डोंगरमाथ्यावरील धावपट्टीकडे येत होते. तेथील रडार दोन दिवसांपासून बंद असल्याने विमानाला खाली उतरण्याची अनुमती नेहमीपेक्षा उशिरा मिळाली आणि ते फार उंच राहिले. चौकशी अहवालानुसार, डी. एम. ई. चा आकडा अडीच मैल असताना जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या यंत्राने २५०० फुटांची सूचना दिली. तीन अंशांच्या उताराचा हिशेब करता त्या जागी धावपट्टीपासूनची उंची आठशे-साडेआठशे फूट असावयास हवी होती. डोंगरमाथ्याखालची जमीन काही शे फूट खोल धरली, तरी या दोन आकड्यांचा मेळ बसत नाही. सहवैमानिकाच्या ते तत्काळ लक्षात आले. विमान फार उंच आहे असे त्याने म्हटले, आणि पुढे पुन्हा वर जाण्याची सूचना तीनदा दिली. तथापि विमान घाईने खाली आणले गेले. ८०३३ फुटांच्या धावपट्टीवर ते सुमारे ५२०० फूट ओलांडल्यावर टेकले. उरलेली लांबी अपुरी पडली आणि विमान दरीत कोसळले. १६६ जणांपैकी केवळ आठ वाचले. साक्षीदाराने साक्ष दिली होती. परंतु तिच्यावरून निर्णय झाला नाही.

मंगळुरास आकडा कोठून मोजला जात होता याविषयी संभ्रम नव्हता. पॅसिफिक महासागरातील ग्वाम बेटावर त्याआधी घडलेल्या दुर्घटनेत मात्र हाच प्रश्न उभा राहिला. ६ ऑगस्ट १९९७ च्या मध्यरात्रीनंतर कोरियाचे बोइंग ७४७ विमान पावसातून तेथे उतरत होते. विमानतळाचा ग्लाइड पाथ दुरुस्तीसाठी बंद असून लोकलायझर तेवढा चालू होता. अशा वेळी टप्प्याटप्प्याने खाली येण्यासाठी अंतराचाच आधार घ्यावा लागतो. परंतु तेथे त्यासाठी वापरावयाचे डी. एम. ई. विमानतळावर नव्हतेच. ते धावपट्टीच्या ३.३ सागरी मैल अलीकडे, निमिट्झ टेकडीवर होते. म्हणजे आकडा कमी होत जाऊन टेकडीपाशी शून्याजवळ येई आणि पुढे धावपट्टीकडे जाताना पुन्हा वाढू लागे. शून्य येथे पोहोचल्याची नव्हे, अजून तीन मैलांहून अधिक जावयाचे असल्याची खूण होती. विमान टेकडीवर ठेवावयाच्या उंचीच्या खाली आले आणि त्याच टेकडीवर आदळले. विमानातील २५४ जणांपैकी २२८ जण मृत्यू पावले. उतरण्याच्या पद्धतीची नीट उजळणी व तपासणी झाली नाही, असा ठपका अमेरिकेच्या चौकशी मंडळाने ठेवला. आणि विमान प्रत्यक्षाहून विमानतळाच्या अधिक जवळ आले असल्याची वैमानिकाची समजूत झाली असावी, ही शक्यताही तपासली. अंतर मोजणारे यंत्र नादुरुस्त नव्हते. आकडा खराच होता. तो गाव मात्र दुसऱ्याच ठिकाणचे सांगत होता.

म्हणूनच या आकड्याला त्याचे नाव जोडण्याची व्यवस्था मुळातच केलेली आहे. आय. एल. एस. ची आणि तिच्या डी. एम. ई. ची लहर यांची जोडी जगभर ठरलेली असते. वैमानिकाने ११०.३ मेगाहर्ट्झवर लोकलायझर लावला, की अंतराचे यंत्र आपोआप १०६४ वर हाक मारू लागते आणि १००१ वर उत्तर ऐकते. शिवाय प्रत्येक केंद्र आपल्या नावाची अक्षरे मोर्सच्या टिंब-रेघांत वाजवीत असते. लोकलायझरची खूण वारंवार वाजते, तर डी. एम. ई. ची खूण साधारण चाळीस सेकंदांतून एकदा, थोड्या वरच्या सुरात. ती ऐकल्यावाचून आकड्यावर विसंबू नये असा नियम आहे. पुष्कळ विमानांत पूर्वीच्या केंद्राचे अंतर धरून ठेवण्याची एक कळही असते. ती दाबलेली राहिली, तर सुया नव्या धावपट्टीच्या आणि मैल मात्र जुन्या केंद्राचे, असा घोटाळा होतो. आणि दिसण्यात तो आकडा खऱ्या आकड्याइतकाच नीटनेटका असतो.

उपग्रहांच्या आधारे आपले स्थान क्षणात सांगणारी यंत्रे आज विमानांत आली आहेत. तेव्हा या जुन्या साधनाची गरज काय, असे कोणी विचारील. उपग्रहांच्या लहरी फार क्षीण असतात, आणि अलीकडच्या वर्षांत युद्धाच्या प्रदेशांजवळ त्या दडपून टाकण्याचे व खोट्या लहरींनी विमानांना चकविण्याचे प्रकार वारंवार घडत आहेत. डी. एम. ई. चे उत्तर जवळच्या जमिनीवरून, भरपूर शक्तीने येते. विमानातील संगणक दोन किंवा अधिक केंद्रांची अंतरे एकत्र करून उपग्रहांवाचूनही विमानाचे स्थान काढू शकतात. त्यामुळे ही पद्धत मोडीत निघालेली नाही. नव्या साक्षीदाराला पारखणारा जुना साक्षीदार म्हणून तिचे स्थान कायम आहे.

ताशी १४० सागरी मैलांच्या वेगाने येणाऱ्या विमानाला शेवटचे दहा मैल कापण्यास जेमतेम सव्वाचार मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात चाके खाली घ्यावयाची असतात, वेग सांभाळावयाचा असतो, नियंत्रकाशी बोलावयाचे असते. हा आकडा कोठपासून मोजलेला आहे, याचा विचार करण्यास तेव्हा उसंत नसते. तो विचार आधीच झालेला असावा लागतो. म्हणून उतरण्यास आरंभ करण्यापूर्वी, विमान अजून उंचावर शांतपणे चाललेले असताना, दोन्ही वैमानिक नकाशा पुढे घेऊन केंद्राचे नाव, त्याची लहर, शून्याची जागा आणि प्रत्येक मैलावरची उंची एकमेकांना वाचून दाखवितात. मागे बसलेल्या प्रवाशांना त्यातला एक शब्दही ऐकू येत नाही. त्यांच्या सुखरूप उतरण्याचा पाया मात्र त्या चार ओळींच्या वाचनातच घातला जातो.